तारांकित प्रश्न, लक्षवेधी आणि ‘हे अंशतः खरे आहे’: आमदार मंत्र्यांना विचारतात तेव्हा नेमकं काय घडतं?

अधिवेशन सुरू झालं की बातम्यांत ठरावीक शब्द कानावर पडू लागतात. तारांकित प्रश्न राखून ठेवला, लक्षवेधी लागली, मंत्र्यांनी चौकशीचं आश्वासन दिलं, पुरवणी मागण्या मंजूर झाल्या. पडद्यावर मात्र दिसतात फलक, घोषणा आणि विधानभवनाच्या पायऱ्यांवरचं आंदोलन. ज्याच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर नाही किंवा ज्याच्या मुलाच्या शाळेची खोली पडायला आली आहे, त्याला या शब्दांचा आपल्याशी काय संबंध हे कळत नाही. संबंध अगदी थेट आहे. गावातल्या रखडलेल्या कामाबद्दल सरकारकडून सहीशिक्क्याचं उत्तर मिळवण्याचा तो सर्वांत पक्का मार्ग आहे. मात्र प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला आणि उत्तर आल्यावर पुढे कोणी काय केलं, यावर सगळं अवलंबून असतं.

मंत्र्याला जाब विचारण्याचा अधिकार आला कुठून?

राज्यघटनेच्या कलम १६४ प्रमाणे राज्याचं मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. सरकारी तिजोरीतला पैसाही सभागृहाच्या मंजुरीशिवाय खर्च करता येत नाही. ज्यानं मंजुरी दिली त्यानं हिशेब विचारायचा, हे ओघानंच आलं. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य आहेत. मंत्री सोडले तर यातला कोणीही प्रश्न विचारू शकतो, मग तो सत्ताधारी असो वा विरोधक.

हा हक्क एका दिवसात मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्यानं प्रांतिक कौन्सिलांतल्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा दिली. लोकमान्य टिळक, फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले हे त्या दशकात मुंबई कौन्सिलात बसले, पण सरकारच्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायची सोय त्यांना तिथे नव्हती. उत्तर ऐकायचं आणि गप्प बसायचं. उपप्रश्नाचा हक्क १९०९ च्या सुधारणांनी दिला, तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. आज प्रश्नोत्तराच्या तासाला जी धार आहे ती सगळी या उपप्रश्नात आहे.

आयुधं कोणती?

विधिमंडळाच्या भाषेत या साधनांना ‘संसदीय आयुधं’ म्हणतात. त्यांतलं मुख्य आयुध म्हणजे तारांकित प्रश्न. छापील यादीत त्यावर तारा, म्हणजे फुलीसारखी खूण असते. त्याचा अर्थ एवढाच, की याला मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतील. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं, उपप्रश्न नसतात. आकडेवारी हवी असेल तर अतारांकित प्रश्न पुरतो. मंत्र्यांकडून तारीख वदवून घ्यायची असेल तर तारांकितच हवा.

प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावे लागतात. मध्येच काही घडलं तर लक्षवेधी सूचना कामी येते. विधानसभेत ती नियम १०५ खाली येते. मंत्री त्यावर लेखी निवेदन करतात आणि मग प्रश्न विचारले जातात. प्रश्नाच्या उत्तरानं समाधान झालं नाही तर नियम ९४ खाली अर्धा तास चर्चा मागता येते. आरोग्य, पीकविमा, कायदा-सुव्यवस्था अशा मोठ्या विषयावर नियम २९३ चा प्रस्ताव येतो. परिषदेत या नियमांचे क्रमांक वेगळे आहेत. अर्थसंकल्पी मागण्यांवर कपात सूचना देता येते. ‘मागणी १०० रुपयांनी कमी करावी’ अशी ती लिहिलेली असते. शंभर रुपये वाचवणं हा तिचा हेतू नसतो. त्या खात्याच्या कारभारावरची एक ठरावीक तक्रार त्यानिमित्तानं नोंदवली जाते.

प्रश्न लिहिण्याची पद्धत आणि तिच्यातला सापळा

महाराष्ट्रातल्या तारांकित प्रश्नाचा एक साचा ठरलेला आहे. समजा, एका तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत बांधून तयार आहे, पण कुलूप उघडलेलं नाही. प्रश्न साधारण असा येईल:

“(१) अमुक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नवीन इमारतीचे बांधकाम पूर्ण होऊनही केंद्र सुरू करण्यात आले नसल्याचे माहे मे, २०२५ मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय; (२) असल्यास, सदर केंद्रासाठी किती पदे मंजूर असून त्यापैकी किती भरण्यात आली आहेत; (३) इमारत हस्तांतरण, वीजजोडणी व पदनिर्मितीचे प्रस्ताव कोणत्या दिनांकास व कोणाकडे सादर करण्यात आले; (४) असल्यास, याप्रकरणी शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे; (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

यातल्या प्रत्येक तुकड्याला काम आहे. ‘वा त्यादरम्यान’ हे शब्द वाचायला विचित्र वाटतात, पण ते नसले आणि घटना एप्रिलमध्ये घडलेली असली, तर ‘हे खरे नाही’ असं उत्तर देऊन मोकळं होता येतं. भाग (१) हा साऱ्या प्रश्नाचा पाया असतो. तो ढासळला की पुढचे सगळे भाग आपोआप पडतात.

आता याच प्रश्नाचा पहिला भाग घाईनं लिहिलेला पाहा: “अमुक तालुक्यातील आरोग्य यंत्रणा पूर्णतः कोलमडली असून रुग्णांचे अतोनात हाल होत आहेत, हे खरे आहे काय?” उत्तर डोळे मिटून सांगता येतं. “(१) हे खरे नाही. (२) ते (५) प्रश्न उद्भवत नाही.” आणि मंत्री काही खोटं बोललेले नसतात. यंत्रणा ‘पूर्णतः’ कोलमडलेली नाही, तालुक्यातलं एक उपकेंद्र सुरू आहे, एवढा आधार त्यांना पुरतो. राग जितका जास्त भरला तितकी सुटायला वाट मोठी. म्हणून अनुभवी सदस्य विशेषणं काढून टाकतात आणि नकार देता येणार नाही असंच वाक्य पहिल्या भागात ठेवतात. बांधकाम पूर्ण झालं आहे आणि केंद्र सुरू नाही, हे कोण नाकारणार?

प्रश्न स्वीकारायचा की नाही हे अध्यक्ष ठरवतात, परिषदेत सभापती. आरोप, अनुमान किंवा टोमणा असलेला प्रश्न बाद होतो. न्यायप्रविष्ट विषयावरचाही होतो. मंत्र्याच्या अखत्यारीतच नसलेला विषय असेल तरी तेच. शेवटचं कारण सर्वांत जास्त नडतं.

चुकीच्या दारात उभा राहिलेला प्रश्न

दवाखाना म्हटला की आरोग्यमंत्री, इतकं ते सोपं नाही. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. महापालिकेच्या दवाखान्याचा प्रश्न नगरविकासकडे जातो.

रस्त्यांचंही तसंच. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. राष्ट्रीय महामार्गावरचा खड्डा असेल तर तो केंद्राचा विषय, खासदारांनी लोकसभेत विचारायचा. अंगणवाडी महिला व बालविकासची, आश्रमशाळा आदिवासी विकासची. फायलीवर नाव चुकलं की ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’ असा शेरा पडतो आणि एक अधिवेशन वाया जातं. कामाच्या फलकावर किंवा मंजुरीच्या आदेशावर विभागाचं आणि यंत्रणेचं नाव असतं. पहिल्यांदा ते पाहावं.

प्रश्न मंत्रालयात पोचल्यावर

विधिमंडळ सचिवालयाकडून प्रश्न विभागाकडे येतो. कर्मचारी त्याला ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधानसभा प्रश्न) म्हणतात, आणि ‘एलएक्यू आलाय’ म्हटलं की कार्यासनावरची बाकीची कामं बाजूला पडतात. कक्ष अधिकारी जिल्ह्याकडे माहिती मागवतो. जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक ती तालुक्याकडून घेतात. मग उत्तराचा मसुदा उपसचिव, सचिव आणि मंत्री अशा पायऱ्या चढतो. मसुद्यासोबत एक पूरक टिपणी असते. कोणता उपप्रश्न येऊ शकतो आणि त्याला काय सांगायचं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. सभागृहात मंत्री ज्या कागदांकडे पाहतात ते बहुधा हेच, आणि दीर्घेतल्या, म्हणजे सभागृहातल्या गॅलरीत बसलेल्या, अधिकाऱ्यांकडून येणाऱ्या चिठ्ठ्या.

सर्वसामान्यांना न दिसणारा फायदा इथेच आहे. तालुका वैद्यकीय अधिकाऱ्याचं तीन स्मरणपत्रांनी न हललेलं पत्र मंत्रालयातून ‘विधानसभा तारांकित प्रश्न, तात्काळ’ असा शेरा आला की त्याच आठवड्यात सापडतं. कित्येकदा प्रश्न सभागृहात पुकारला जाण्याआधीच वीजजोडणीचे पैसे भरले जातात, म्हणजे उत्तरात ‘कार्यवाही करण्यात आली आहे’ असं लिहिता येतं. लोकांचं काम झालं, मग बाकी काय हवं?

उलटी बाजूही सांगितली पाहिजे. माहिती खालून येते. खालच्या कार्यालयानं चुकीची किंवा अर्धी माहिती दिली तर वरचं उत्तरही तसंच निघतं. म्हणून प्रश्नकर्त्याकडे स्वतःचे कागद असावे लागतात.

‘निधी दिला’ म्हणजे नक्की काय दिलं?

स्थानिक निधीच्या उत्तरांत सर्वांत मोठी गफलत इथे होते, त्यामुळे हे नीट समजून घेऊ. सरकारी पैशाच्या तीन अवस्था असतात. तरतूद म्हणजे अर्थसंकल्पात लिहिलेली रक्कम. वितरण म्हणजे त्यातली प्रत्यक्ष खर्चासाठी खुली केलेली रक्कम. ती ‘बीम्स’ या संगणक प्रणालीवरून खाली सोडली जाते. खर्च म्हणजे देयक मंजूर होऊन ठेकेदाराला किंवा कर्मचाऱ्याला गेलेली रक्कम. घरात महिन्याची किराणा यादी लिहिली ही तरतूद, बाजाराला निघताना हातात पैसे ठेवले ते वितरण, आणि डाळ-तांदूळ डब्यात पडले तो खर्च. यादी हजारांची आणि हातात चारशेच असतील, तर डबे रिकामेच राहणार.

मंत्री म्हणतात, “या कामासाठी भरीव तरतूद करण्यात आली आहे.” वाक्य खरं असतं आणि गावात खडीचा एक ट्रकही आलेला नसतो. त्यावरचा उपप्रश्न एकच: “३१ डिसेंबरअखेर त्यातले वितरित किती आणि खर्च किती?”

पैसा हातात आला तरी कामाला स्वतःचा रस्ता असतो. आधी प्रशासकीय मान्यता, म्हणजे काम करायचं आणि अमुक रकमेपर्यंत करायचं हा निर्णय. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे अंदाजपत्रक आणि आराखडा अभियंत्यानं तपासणं. पुढे निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि देयक. ‘काम मंजूर आहे’ या तीन शब्दांत यातली कोणतीही पायरी असू शकते. बहुतेक वेळा ती पहिली असते. म्हणून ‘मंजूर आहे का’ याऐवजी ‘कार्यारंभ आदेशाचा दिनांक काय’ असं विचारावं. दिनांक सांगता आला तर काम जमिनीवर आहे, नाही तर फाइलीत.

आरोग्य केंद्राच्या उदाहरणात आणखी एक पेच आहे. इमारतीचा पैसा भांडवली लेखाशीर्षातून येतो, डॉक्टर आणि परिचारिकांचा पगार महसुली खर्चातून. लेखाशीर्ष म्हणजे कोणता खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा त्याचा क्रमांक. आरोग्याचा महसुली खर्च २२१० खाली, भांडवली ४२१० खाली. इमारत एका वाटेनं मंजूर होते. पदं निर्माण करायला मात्र वित्त विभाग आणि उच्चस्तरीय सचिव समितीची संमती लागते, ती दुसरीच वाट. दोन्ही वाटा एकाच वेळी चालल्या नाहीत की चकचकीत इमारत कुलपात राहते. सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असा निकष आहे. म्हणजे एक कुलूप एवढ्या माणसांना दूरच्या दवाखान्याकडे पाठवतं. इथे ‘इमारत कधी सुरू करणार’ हा प्रश्न बोथट ठरतो, ‘पदनिर्मितीचा प्रस्ताव आज कोणत्या कार्यालयात आहे’ हा नेमका.

गावात पैसा येतो कुठून?

आमदार निधीबद्दल सगळ्यांना माहीत असतं. २०२२-२३ पासून तो आमदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये आहे. आमदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. दोन्ही सभागृहांचे ३६६ सदस्य धरले तर ही रक्कम १,८३० कोटी होते. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा आहे. म्हणजे आमदार निधी त्याच्या पाव टक्क्याच्या आसपास. गावात चर्चा मात्र याच पाव टक्क्याची होते, उरलेल्याबद्दल कोणी विचारत नाही.

उरलेल्यात जिल्हा वार्षिक योजना आहे. तिचा आराखडा जिल्हा नियोजन समिती ठरवते आणि पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. ग्रामविकासचं २५१५ हे लेखाशीर्ष आहे. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली सभामंडप, काँक्रीट रस्ता, गटार अशी कामं त्यातून होतात. ‘पंचवीस-पंधराचा निधी’ हा शब्द कोणत्याही सरपंचाच्या तोंडी सापडेल. रस्ते-पुलांच्या देखभालीसाठी ३०५४ आणि नव्या बांधकामासाठी ५०५४. केंद्राकडून वित्त आयोगाचा पैसा येतो. पंधराव्या वित्त आयोगात त्यातला ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला गेला. त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, ४० टक्के अबंधित, म्हणजे असं बंधन नसलेला.

खर्चाच्या मुदतीचा मुद्दाही ध्यानात ठेवावा. राज्याच्या विभागांना दिलेला पैसा ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर सामान्यतः व्यपगत होतो, म्हणजे परत जातो. जिल्हा नियोजनातून जिल्हा परिषदेला दिलेला निधी वापरायला मात्र पुढचं आर्थिक वर्षही मिळतं. त्यामुळे ‘जिल्हा परिषदेचा निधी अखर्चित’ अशी मार्चमधली ओरड पुष्कळदा फसवी असते. तिथे आधीच्या वर्षाच्या निधीचं काय झालं, हे विचारायला हवं.

प्रश्न विचारल्यानं पैसा मिळतो का?

थेट मिळत नाही. प्रश्नोत्तरातून एक रुपयाही मंजूर होत नाही. तो अर्थसंकल्पातून, पुरवणी मागणीतून किंवा नियोजन समितीतूनच येतो. पुरवणी मागणी म्हणजे वर्षाच्या मध्यात सरकारनं सभागृहाकडे मागितलेला जादा पैसा. पण प्रश्नाची वेळ साधली तर फरक पडतो. विभाग पुढच्या वर्षाचे अंदाज साधारण ऑक्टोबरपासून तयार करू लागतात, जिल्ह्यांच्या आराखड्यांवर जानेवारी-फेब्रुवारीत चर्चा होते, मार्चमध्ये अर्थसंकल्प येतो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंत्र्यांनी ‘पुढील अर्थसंकल्पात तरतूद करू’ असं नोंदीवर म्हटलं, तर त्या वाक्याची प्रत जोडून विभागाला प्रस्ताव देता येतो. हेच वाक्य मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिळालं तर ते वर्षभर कागदावर पडून राहतं. पावसाळी अधिवेशनात वितरण किती झालं ते विचारावं, अर्थसंकल्पी अधिवेशनात खर्च किती झाला ते.

निधीचं वाटप सत्ताधारी-विरोधक पाहून होतं, ही तक्रार जुनी आहे आणि ती पोकळ नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं तेव्हा आधीच्या सरकारच्या काळात मंजूर झालेल्या अनेक कामांना स्थगिती दिली गेली आणि प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेली. प्रश्न विचारून हा पक्षपात थांबेलच असं नाही, पण मतदारसंघनिहाय वितरणाचा तक्ता मागितला की तो आकड्यांत नोंदला जातो. ओरडण्यापेक्षा तक्ता टिकतो.

सत्ताधारी आमदारच प्रश्न का विचारतात?

त्यांचाही मतदारसंघ असतो, आणि मंत्र्याला भेटून न झालेलं काम नोंदीवर आणलं की होतं, हे त्यांना ठाऊक असतं. कधी प्रश्न मंत्र्यांना चांगली घोषणा करता यावी म्हणूनही विचारला जातो. तो ओळखू येतो. त्यात एकही आकडा मागितलेला नसतो.

प्रश्नांचा बाजार होतो, ही शंकाही रास्त आहे. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात संसदेच्या ११ सदस्यांचं सदस्यत्व गेलं, लोकसभेचे १० आणि राज्यसभेचे १. म्हणून प्रश्न एखाद्याच ठेकेदाराभोवती फिरत असेल आणि दुसऱ्या अधिवेशनात अचानक थांबत असेल, तर मतदारांनी आमदाराला त्याचं कारण विचारावं. प्रश्न आणि उत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात.

माहितीचा अधिकार असताना हे कशाला?

माहितीच्या अधिकारात ३० दिवसांत कागद मिळतो, आणि तो नागरिकाच्या हातातला मोठा आधार आहे. पण त्यात असलेली माहितीच मिळते. ‘का झालं नाही’ आणि ‘कधी होणार’ याचं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. मंत्र्यांना ते द्यावं लागतं. दोन्ही एकत्र वापरले तर सर्वांत चांगलं. आधी अर्ज करून मान्यतेचा क्रमांक, दिनांक आणि रक्कम मिळवायची, मग त्यावर प्रश्न बांधायचा.

मंत्र्यांनी जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असं वाटलं तर विशेषाधिकारभंगाची, म्हणजे सभागृहाच्या हक्काचा भंग झाल्याची, सूचना देता येते. नजरचुकीनं चूक झाली असेल तर मंत्री दुरुस्तीचं निवेदन करतात. त्यामुळे उत्तराचा मसुदा करणारा अधिकारी शब्द जपून वापरतो. ‘हे अंशतः खरे आहे’ हे त्या सावधपणाचं आवडतं वाक्य. ते दिसलं की समजावं, तक्रारीतला मुख्य भाग खरा आहे आणि एखादा तपशील, बहुधा आकडा किंवा दिनांक, जुळत नाही. पुढचा उपप्रश्न मग सरळ असतो: कोणता अंश खरा?

आश्वासनांचं पुढे काय होतं?

‘चौकशी करू’, ‘तपासून पाहू’, ‘बैठक लावू’, ‘सकारात्मक विचार करू’ ही वाक्यं सभागृहात रोज ऐकू येतात. यातली जी आश्वासन म्हणून नोंदवली जातात ती शासकीय आश्वासन समितीकडे जातात. पूर्तता झाली नाही तर समिती सचिवांना बोलावून विचारते. ‘सकारात्मक विचार करू’ याची पूर्तता कशी मोजणार? म्हणून जाणकार सदस्य उत्तर तिथेच घट्ट करून घेतात: “किती दिवसांत? बैठकीला जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असतील का? इतिवृत्त आम्हाला मिळेल का?” उत्तर फारच मोघम असेल तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात, म्हणजे मंत्र्यांना पूर्ण माहिती घेऊन पुन्हा यावं लागतं.

पैसा खर्च झाल्यावरचा जाब वेगळ्या समित्या घेतात. महालेखापरीक्षकांच्या अहवालांवर लोकलेखा समिती काम करते. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचे लेखा आक्षेप पंचायत राज समिती तपासते आणि त्यासाठी जिल्ह्यात येते. ‘पीआरसी येणार’ म्हटल्यावर जिल्हा परिषदेत रात्री उशिरापर्यंत दिवे का जळतात ते यावरून कळेल. २०२२ नंतर अनेक जिल्हा परिषदा आणि महापालिकांचा कारभार काही वर्षं प्रशासकांच्या हाती होता. सर्वसाधारण सभेत सदस्यांनी विचारायचे गटार-नळाचे प्रश्न तेव्हा विधानभवनात येऊ लागले. तिथला वेळ आधीच अपुरा. तासाभरात यादीतले मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं लेखी स्वरूपात पटलावर येतात. गोंधळात तास वाया गेला की पहिला फटका या स्थानिक प्रश्नांना बसतो. लेखी उत्तर मिळतं, उपप्रश्न हुकतो.

तुमच्या गावचा प्रश्न पोचवायचा असेल तर

अधिवेशनाची तारीख जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही, तोवर तारांकित प्रश्नांची मुदत बहुधा सरत आलेली असते. किमान दोन महिने आधी आमदारांच्या कार्यालयात कागद द्यावेत. एका पानावर एकच विषय. कामाचं नाव, यंत्रणा, प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि दिनांक, मंजूर रक्कम, आजची स्थिती आणि ती कोणत्या महिन्यात दिसली. सोबत मान्यता आदेशाची प्रत, ग्रामसभेचा ठराव आणि तारीख दिसणारा फोटो. दहा मागण्यांचं निवेदन दिलं तर त्यातून प्रश्न बनवणारा स्वीय सहायक सर्वांत सोपी मागणी उचलतो, सर्वांत निकडीची नव्हे.

विधानसभेचे आमदार दाद देत नसतील तर विधान परिषदेचे सदस्य आहेत. ७८ पैकी २२ स्थानिक स्वराज्य संस्थांनी निवडून दिलेले, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे प्रत्येकी ७, विधानसभेतून निवडलेले ३० आणि राज्यपालनियुक्त १२. शाळेच्या खोल्यांचा विषय शिक्षक आमदारांकडे, नगरपालिकेच्या पाणीयोजनेचा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रतिनिधींकडे नेला तर ते जास्त आस्थेनं पाहतात. सांगोल्यातून ११ वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख असोत किंवा गोरेगावकरांच्या पाण्यासाठी झगडलेल्या मृणालताई गोरे, त्यांचं बळ एकाच विषयाला वर्षानुवर्षं लावून धरण्यात होतं, आणि त्यांच्यामागे गाव आणि मोहल्ला उभा होता.

उत्तराची प्रत मिळाल्यावर ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. उत्तरात ‘तीन महिन्यांत’ म्हटलं असेल तर चौथ्या महिन्यात त्याच उत्तराचा क्रमांक देऊन विभागाला पत्र लिहावं, एक प्रत आमदारांना आणि एक आश्वासन समितीच्या नावे विधिमंडळ सचिवालयाला. पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नाचा पहिला भाग मग तयारच असतो: “अमुक तारांकित प्रश्नाच्या उत्तरात तीन महिन्यांत केंद्र सुरू करण्याचे आश्वासन देण्यात आले होते, हे खरे आहे काय?” याला ‘हे खरे नाही’ असं उत्तर देता येत नाही.